परदेशी राहणाऱ्यांना नेमके काय बोचते? – जपानचे उदाहरण



दहावीच्या वर्गाला मी दरवर्षी एक वैचारिक निबंध देतो – 'परदेशात स्थायिक होणे : फायदे आणि तोटे'. मुले निबंध ठरलेल्या साच्यात लिहितात. फायद्यांत पगार, स्वच्छता, शिस्त, चांगले रस्ते. तोट्यांत आईवडील लांब राहतात, घरचे जेवण मिळत नाही आणि आपली संस्कृती विसरायला होते. शेवटी 'नाण्याला दोन बाजू असतात' हे वाक्य. मीही सवयीने लाल शेऱ्यात 'छान' लिहून मोकळा होतो.

यंदा मात्र हाच निबंध एक पालक घेऊन माझ्यासमोर बसले, आणि मला 'छान' म्हणून सुटता येईना.

पालकसभा संपल्यावर ते थांबले होते. धाकटी मुलगी आमच्याकडे नववीत आहे. थोरला आमचाच माजी विद्यार्थी, आयटीआय करून दोन वर्षे इकडेतिकडे काम करतोय. वडिलांनी खिशातून घडी घातलेला रंगीत कागद काढला. त्यावर चेरीची फुले, वेगवान रेल्वे आणि मोठ्या अक्षरांत 'जपानमध्ये नोकरी, महिना एक लाखाच्या पुढे'.

"सर, एजंट म्हणतो भाषेचा क्लास, कागदपत्रं, सगळं मिळून साडेतीन लाख. अर्धा एकर गहाण टाकावा लागेल. टाकू का?"

मला काय कळतंय जपानमधलं! पण माझा एक विद्यार्थी अकरा वर्षे तिथे आहे. टोकियोच्या एदोगावा भागात निशिकासाई नावाचे स्टेशन आहे. त्याच्या आसपास भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे, तिथेच तो राहतो. रविवारी त्याला फोन लावला आणि सांगितले, "अरे, चांगलं काय ते कागदावर छापलंय. तू मला वाईट काय ते सांग."

तो हसला. म्हणाला, "सर, वेळ आहे ना तुमच्याकडे?"

आधी जेवण, मग घर

त्याने सुरुवात जेवणापासूनच केली, म्हणजे आमच्या मुलांचे निबंध अगदीच चुकीचे नाहीत. तो शाकाहारी. जपानी स्वयंपाकात 'दाशी' नावाचे एक सार असते, बहुधा वाळवलेल्या माशापासून केलेले. ते सूपमध्ये असते, भाजीत असते, सॉसमध्ये असते. पदार्थ दिसायला नुसता भोपळा, आणि आत मासा. पहिले सहा महिने त्याने भात, दही आणि केळी यांवर काढले. "पण सर, हे तोट्यांत धरू नका. आता डाळ, हिंग, कढीपत्ता सगळं मिळतं. एक वर्षानंतर जेवणाचं कुणी बोलत नाही."

मग कशाचे बोलतात? तर घराचे.

भाड्याचे घर पाहायला गेले की दलाल समोरच घरमालकाला फोन करतो – भाडेकरू परदेशी आहे, चालेल का? पलीकडून काय उत्तर आले ते दलालाच्या चेहऱ्यावरून कळते. मग तो वाकून माफी मागतो. हा एकट्याचा अनुभव नाही. जपानच्या न्याय मंत्रालयाने २०१६ च्या अखेरीस परदेशी रहिवाशांची पाहणी केली होती. आधीच्या पाच वर्षांत ज्यांनी घर शोधले होते, त्यांच्यापैकी सुमारे ४० टक्के लोकांनी केवळ परदेशी म्हणून नकार मिळाल्याचे सांगितले. घर मिळाले तरी सुरुवातीला अनामत रक्कम, हमी देणाऱ्या कंपनीची फी आणि बऱ्याच ठिकाणी 'रेइकिन' म्हणजे घरमालकाला द्यायचे आभाराचे पैसे, जे परत मिळत नाहीत.

हे ऐकताना मला राग आला. पण लगेच आठवले, पुण्यामुंबईत आपण काय करतो? आडनाव विचारतो, मांसाहारी आहात का विचारतो, एकटी मुलगी असेल तर नाहीच म्हणतो. फरक एवढाच की आपल्याकडे त्याची पाहणी करून आकडा छापण्याची पद्धत नाही.

कागदावरचे पाहुणे

जपानची लोकसंख्या साडेबारा कोटींच्या आत आहे आणि ती दरवर्षी घटते आहे. २०२४ च्या अखेरीस तिथे सुमारे ३७ लाख ७० हजार परदेशी नागरिक राहत होते, म्हणजे शंभरात तीन. भारतीय पन्नास हजारांच्या पुढे. कामाला माणसे कमी पडतात, म्हणून एप्रिल २०१९ पासून जपानने 'विशिष्ट कुशल कामगार' हा नवा व्हिसा सुरू केला. वृद्धांची सेवा, बांधकाम, शेती, कारखाने, हॉटेले अशी कामे त्यात येतात. जानेवारी २०२१ मध्ये भारताशीही तसा करार झाला. आपल्या तालुक्यांपर्यंत पोहोचलेले रंगीत कागद बहुतेक या वाटेचे आहेत.

आता त्या कागदावर न छापलेली गोष्ट. या व्हिसाच्या पहिल्या प्रकारात एकूण पाच वर्षेच राहता येते आणि बायकोमुलांना सोबत नेता येत नाही. पुढची परीक्षा देऊन दुसऱ्या प्रकारात गेले तरच मुदत वाढवत राहता येते आणि कुटुंब नेता येते. म्हणजे बावीसाव्या वर्षी गेलेला मुलगा सत्ताविसाव्या वर्षी परत येऊ शकतो. थोडे पैसे साठलेले असतील, पण इथली सगळी ओळखपाळख तुटलेली. हे वाईटच आहे असे मी म्हणत नाही. पण अर्धा एकर गहाण टाकणाऱ्या बापाला हे आधी माहीत हवे की नको?

माझा विद्यार्थी इंजिनिअर, त्याचा व्हिसा वेगळा. पण त्यालाही रहिवासी ओळखपत्र सतत जवळ बाळगावे लागते, कोपऱ्यावरच्या दुकानात दूध आणायला गेले तरी. नोकरी बदलली तर चौदा दिवसांत कळवावे लागते. साधारण दहा वर्षे राहिल्यावर कायम वास्तव्याचा परवाना मिळू शकतो. तो त्याला गेल्या वर्षी मिळाला. तरीही मताचा अधिकार नाही, गावपातळीच्या निवडणुकीतही नाही. "कर सगळे भरतो सर. पण घरासमोरचा रस्ता कुणी करावा हे ठरवण्यात माझा आवाज नाही."

मग तो थोडा थांबला. पुढचे त्याने स्वतःहून सांगितले.

२०२० च्या एप्रिलपासून कोरोनामुळे जपानने अनेक देशांतून येणाऱ्यांना बंदी केली. त्यांत जपानमध्ये वर्षानुवर्षे राहणारे, कर भरणारे परदेशी रहिवासीही आले. पुढे भारतही त्या यादीत आला. जपानी नागरिक तपासणी आणि विलगीकरण करून घरी परतू शकत होते; परदेशी माणूस बाहेर पडला तर परत येता येईल याची खात्री नव्हती. नियम सैल होईपर्यंत सप्टेंबर उजाडला. त्याच जुलैत त्याचे वडील गेले. विमाने इकडूनही जवळपास बंदच होती, त्यामुळे दोष एकट्या जपानला देता येत नाही, हे तो स्वतःच म्हणाला. त्याने अंत्यविधी मोबाईलवर पाहिला.

"त्या दिवशी मला कळलं सर. घर माझं आहे, नोकरी माझी आहे, पण दाराची किल्ली दुसऱ्याकडे आहे."

मी त्याला मराठी शिकवले आहे. हे वाक्य मी शिकवलेले नाही.

मुलांच्या शाळेचे काय?

आपण शिक्षक जपानी शाळांचे कौतुक करताना थकत नाही. मुले स्वतः वर्ग झाडतात, स्वतः एकमेकांना जेवण वाढतात. खरेच आहे ते. पण तिथे एक गोष्ट अशी आहे की जी आपल्याला चमत्कारिक वाटेल. सक्तीच्या शिक्षणाचा नियम जपानी नागरिकांच्या मुलांना आहे. परदेशी मुलाने अर्ज केला तर सरकारी शाळा त्याला मोफत घेते. पण तो आला नाही तर त्याला शोधत जाण्याचे बंधन तसे नाही. २०१९ मध्ये जपानच्या शिक्षण मंत्रालयाने पहिल्यांदा देशभर मोजदाद केली, तेव्हा सुमारे १९ हजार परदेशी मुले शाळेबाहेर असावीत असे दिसले. त्यानंतर तिथे या प्रश्नाकडे अधिक लक्ष दिले जाऊ लागले, हेही सांगितले पाहिजे. आपल्याकडे २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक बालकाला शाळेचा हक्क देतो. कागदावर तरी आपण इथे पुढे आहोत.

शाळेत गेलेल्या मुलाची कसरत वेगळी. जपानी लिहायला दोन वर्णमाला आणि शिवाय चित्रलिपीसारखी 'कांजी' चिन्हे. प्राथमिक शाळेतच एक हजारांहून अधिक कांजी शिकवतात आणि रोजच्या वापरासाठी सरकारने ठरवलेली यादी २,१३६ चिन्हांची आहे. मूल ती शिकते. आईबाप मागे राहतात. शाळेतून रोज छापील सूचना येतात – उद्या चिंध्या आणा, परवा डबा आणा – आणि आई मोबाईलचा कॅमेरा त्यावर धरून अर्थ लावत बसते. दवाखान्यात आठ वर्षांची मुलगी आईची दुभाषी होते. माझ्या विद्यार्थ्याची मुलगी त्याच्याशी जपानीत बोलते, तो मराठीत उत्तर देतो. गणेशोत्सवात मराठी मंडळी जमतात, तेव्हा ती आरती पाठ म्हणते. अर्थ विचारला की बापाकडे बघते.

टोकियोत भारतीय शाळा आहेत, पण त्या खासगी, फी भरून शिकण्याच्या. तिथे घातले तर जपानी कच्चे राहते, जपानी शाळेत घातले तर मराठी सुटते.

"मग परत का येत नाहीस?"

तासभर ऐकून मी शेवटी विचारलेच, "अरे, एवढं बोचतंय तर मग परत का येत नाहीस?"

विचारले आणि चूक लक्षात आली. हाच प्रश्न त्याला तिथलेही काहीजण विचारतात – आवडत नसेल तर आपल्या देशात जा. म्हणजे तक्रार केली की दोन्हीकडून दार दाखवायचे.

आपल्याला हे समजायला अवघड जाऊ नये. आपल्याकडे सासुरवाशिणी पिढ्यान्‌पिढ्या जात्यावर सासरची गाऱ्हाणी गात आल्या. त्या गाऱ्हाण्यांचा अर्थ 'मला इथे राहायचे नाही' असा नव्हता. इथेच राहायचे आहे, म्हणूनच सांगणे भाग होते. आणि माहेरच्या कुणी सासरला नावे ठेवली तर तीच पदर खोचून उभी राहायची. परदेशात मन लावून राहणाऱ्या माणसाचेही तसेच असते. दोन आठवडे सहलीला गेलेला माणूस नुसते कौतुक करतो. उणे दिसायला तिथे संसार मांडावा लागतो.

हा पठ्ठ्या का राहिला, तेही त्याने सांगितले. सात वर्षांची मुलगी एकटी चालत शाळेत जाते आणि आईच्या जिवाला घोर नाही. दवाखान्याच्या बिलाचा बहुतेक भाग सरकारी विमा भरतो, त्याला साधारण तीस टक्केच द्यावे लागतात. पाकीट गाडीत विसरले होते, ते पैशांसकट परत मिळाले. शेजारची आजी पहिली दोन वर्षे त्याच्याशी बोलली नाही. कचरा चुकीच्या दिवशी ठेवला म्हणून चिठ्ठी लावून गेली. तीच आजी आता दर हिवाळ्यात संत्र्यांची पिशवी दाराला अडकवते.

सार्वजनिक जीवनातलीही दोन उदाहरणे मला आठवतात. डोनाल्ड कीन हे जपानी साहित्याचे अमेरिकन अभ्यासक. ११ मार्च २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर अनेक परदेशी लोक जपान सोडून जात होते, तेव्हा त्यांनी कायमचे तिथे राहायचे ठरवले. २०१२ मध्ये, वयाच्या ८९ व्या वर्षी, त्यांनी जपानचे नागरिकत्व घेतले. दुसरे आपल्या अंबरनाथचे योगेंद्र पुराणिक. २०१९ मध्ये ते एदोगावाच्या स्थानिक सभागृहावर निवडून आले आणि २०२३ मध्ये इबाराकी प्रांतातल्या एका सरकारी हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले. आपल्या मातीतला माणूस जपानी शाळेचा मुख्याध्यापक, अभिमान वाटतोच. पण निवडणूक लढवायला आधी जपानी नागरिक व्हावे लागते, आणि भारत काय किंवा जपान काय, प्रौढ माणसाला दोन नागरिकत्वे ठेवू देत नाही. म्हणजे आवाज हवा असेल तर भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो. ही किंमत योग्य की अयोग्य, हे ज्याचे त्यानेच ठरवायचे.

मोजू नका, तोला

म्हणून माझे मत असे झाले आहे की 'फायदे-तोटे' हा निबंध आपण चुकीचा शिकवतो. पाच फायदे, तीन तोटे, म्हणून फायदे जिंकले, हा हिशेब शाळेच्या पेपरपुरता ठीक. आयुष्यात एक तोटा पाच फायद्यांना भारी पडतो, किंवा उलटेही होते. वडिलांच्या अंत्यविधीला न पोचणे आणि दाशीतला मासा हे एकाच यादीत एकाखाली एक लिहिता येत नाहीत. आणि तोच तोटा एकाला जड, दुसऱ्याला हलका. ज्याचे आईवडील धडधाकट आहेत आणि ज्याला पाच वर्षांत कर्ज फेडून परत यायचे आहे, त्याला मताधिकार नसण्याने काय फरक पडतो? ज्याला मुले तिथेच वाढवायची आहेत, त्याला खूप पडतो.

यंदा मी वर्गात निबंध बदलला. मुलांना सांगितले, परदेशी जाऊ द्या, आपल्या गावात बाहेरून येऊन राहिलेल्या एका माणसाला भेटा आणि विचारा – इथं तुम्हाला काय बोचतं? आणि तरी का राहता?

वह्या तपासताना मला माझेच गाव नव्याने कळले. फरशी बसवणाऱ्या बिहारी मिस्त्रीने सांगितले होते की बारा वर्षे झाली, तरी किराणा दुकानात त्याला उधार मिळत नाही. त्याचा मुलगा आमच्याच शाळेत सातवीत आहे. मराठी उत्तम बोलतो, कबड्डीत पहिला. वर्गात त्याला सगळे 'भैया' म्हणतात. मीही ते ऐकत होतो आणि एकदाही टोकले नव्हते. जपानी घरमालकावर रागावण्याचा मला कितपत अधिकार आहे, हे त्या वहीने मला विचारले. दुसऱ्या दिवसापासून मी त्याला आणि वर्गालाही त्याचे नाव वापरायला लावले. फार मोठे काही केले नाही. तीन वर्षे आधी करायला हवे होते.

पालकांसाठी पाच प्रश्न

ज्यांच्या घरात असा रंगीत कागद आला आहे, त्यांनी पैसे देण्याआधी एवढे विचारावेच:

१. व्हिसा नेमका कोणत्या प्रकारचा? एकूण किती वर्षांचा? कुटुंब नेता येते का?

२. ती नोकरी सुटली तर दुसरी धरता येते का, आणि तोवर राहण्याची सोय काय?

३. छापलेल्या पगारातून कर, विमा आणि घरभाडे कापून हातात किती उरते? आणि तो आकडा रुपयांत आजच्या दराने काढला आहे का? २०१२ च्या सुमारास शंभर येनचे साधारण ६५ रुपये व्हायचे, २०२४ मध्ये ५५ च्या आसपास आले. पगार तोच राहिला तरी घरी पोचणारे पैसे कमी होतात.

४. भाषेची कोणती परीक्षा पास व्हावी लागते? ती पास होण्याआधी किती पैसे द्यायचे?

५. एजंट सरकारकडे नोंदणीकृत आहे का? पैशांची पावती देतो का?

आणि सहावा प्रश्न एजंटला नव्हे, मुलाला: "तिथं तुला सगळ्यात जास्त काय बोचेल असं वाटतं?" उत्तर 'काहीच नाही' असेल तर अजून त्याची तयारी झालेली नाही.

ते पालक मागच्या आठवड्यात पुन्हा आले होते. एजंट पहिल्या दोन प्रश्नांना 'तिकडं गेल्यावर बघू' म्हणाला, म्हणून जमीन अजून गहाण टाकलेली नाही. मुलाने मात्र जपानीचा क्लास स्वतःच्या पैशांनी लावलाय. शनिवार-रविवार तालुक्याला जातो, पन्नासेक कांजी येतात म्हणाला. जायचे की नाही, ते परीक्षेनंतर ठरवणार आहेत. मी त्याला माझ्या टोकियोच्या विद्यार्थ्याचा नंबर दिला आणि सांगितले, "फोन करशील तेव्हा आधी वाईट काय ते विचार. चांगलं तो न विचारता सांगेल."

तुमच्या शाळेत, तुमच्या घरात असे कुणी निघाले असेल तर त्याच्याशीही हे बोलून पाहा. आणि तुमच्या वर्गातल्या 'बाहेरच्या' मुलाला त्याच्या नावाने हाक मारतात ना, तेही एकदा कान देऊन ऐका.